निवडणे म्हणजे वगळणे नव्हे

तांदूळ निवडताना अम्मीचे हात कसे चालतात, ते आपल्या घरातल्या प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. ताटात मूठभर तांदूळ पसरायचे, एका बाजूने हळूहळू सरकवत न्यायचे, खडा दिसला की बोटाने कडेला सारायचा. शंका आली तर दाणा उजेडाकडे धरून बघायचा. घाई केली की खडा दाताखाली येतो, आणि फारच घाई केली तर खड्याबरोबर चार चांगले दाणेही केरात जातात. नववीच्या मुलांना माहिती स्वच्छ करायला शिकवायचे आम्ही ठरवले, तेव्हा सुरुवात याच ताटापासून केली.

आम्ही दोघे शिक्षक, एक गणिताचे आणि एक उर्दू-मराठीचे. नववी-दहावीच्या गणितात सांख्यिकीचा पाठ असतो. मध्य, मध्यक, बहुलक काढायचा, वारंवारता सारणी करायची. मुले ते करतातही. पण पुस्तकातली सामग्री धुऊन, चिरून, थेट फोडणीला टाकता येईल अशी मिळते. त्यात कुणाचे वय लिहायचे राहिलेले नसते, कुणाचे नाव दोनदा आलेले नसते, कुणी वजनाच्या रकान्यात उंची लिहिलेली नसते. खरी माहिती अशी कधीच मिळत नाही. दवाखाना असो, बँक असो की ग्रामपंचायत, गणित करण्याआधीचा बराच वेळ या निवडानिवडीतच जातो. आणि नेमके तेवढेच शाळेत शिकवायचे राहून जाते.

म्हणून आम्ही मुलांना मोहल्ल्यात पाठवले. प्रश्न साधे होते. घरात सहा ते अठरा वर्षांची मुले-मुली किती, त्यांची नावे, वडिलांचे नाव, वय, शाळेत जातात का, कितवीत आहेत, शाळा किती लांब. आधार क्रमांक, मोबाइल क्रमांक, घरचे उत्पन्न यांपैकी काहीही विचारायचे नाही, असे बजावून सांगितले. जे कामाला लागणार नाही ते लोकांकडे मागायचेच नाही, हा पहिला धडा. दोन रविवार मुले दारोदार फिरली. लोकांनी चहा पाजला, कौतुक केले, आणि मनाला येईल तशी उत्तरे दिली.

एका ‘हो’ची सात रूपे

सोमवारी वर्गात कागद पसरले तेव्हा मुले चक्रावली. ‘शाळेत जातो का?’ या एका प्रश्नाची उत्तरे पाहा. कुणी ‘हो’ लिहिले होते, कुणी ‘होय’, कुणी ‘हौ’, कुणी ‘जी’, कुणी ‘जातो’, कुणी नुसती बरोबरची खूण केली होती आणि कुणी ‘मदरशात जातो’ असे लिहिले होते. माणसाला हे सगळे कळते. संगणकाला ही सात वेगवेगळी उत्तरे वाटतात, आणि तो सात वेगळे गट करून मोकळा होतो.

पहिल्या सहा उत्तरांचे एक ‘हो’ करणे सोपे होते. सातव्यावर वर्गात वाद झाला. मदरशात जाणारे मूल शाळेत जाते असे मानायचे का? काही मदरशांत मुले दिनी तालीम घेतात आणि शाळेतही जातात, काही ठिकाणी जात नाहीत. मुलांनी त्या घरांत पुन्हा जाऊन विचारले आणि ‘शाळा’ व ‘मदरसा’ असे दोन रकाने केले. आपला प्रश्नच अपुरा होता, हे त्यांना स्वतःहून कळले. माहितीतला मळ दर वेळी उत्तर देणाऱ्याच्या हातून येत नाही, कधी तो विचारणाऱ्याच्या प्रश्नातच असतो.

त्यानंतर रिकाम्या जागा. एका मुलाने सगळ्या रिकाम्या जागी ‘नाही’ भरून टाकले, कारण रिकामा रकाना त्याला बघवेना. त्याला विचारले, “घरी कुणी नव्हते म्हणून तू प्रश्नच विचारला नाहीस, तर ते मूल शाळेत जात नाही असे कसे ठरवलेस?” मग फळ्यावर चार गोष्टी वेगळ्या लिहिल्या: ‘नाही’, ‘माहीत नाही’, ‘सांगितले नाही’ आणि ‘विचारले नाही’. या चारांना एकच समजणे म्हणजे लोकांच्या तोंडी आपले शब्द घालणे.

अंतराचेही तसेच. कुणी ‘१ किमी’, कुणी ‘दहा मिनिटे’, कुणी ‘मशिदीच्या पुढे’. आणि वयाच्या रकान्यात कुणी नुसते ‘१४’ तर कुणी ‘१४ वर्षे’. एक्सेलमध्ये ‘१४ वर्षे’ हा आकडा राहत नाही, तो मजकूर होतो, आणि बेरीज किंवा सरासरी काढताना त्याला न विचारता गाळले जाते. म्हणून एका रकान्यात एकच गोष्ट आणि एकच एकक. एकक लिहायचे ते रकान्याच्या डोक्यावर, प्रत्येक घरात नाही.

गुरुजींनी दिलेली जन्मतारीख

तारखांत आणखी गंमत होती. ‘०५/०८/२०१०’ म्हणजे आपल्याकडे ५ ऑगस्ट. पण संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर तो ८ मे समजतो, आणि आपल्याला कळतही नाही. मुलांना नियम दिला की महिना अक्षरात लिहा.

आई-वडिलांच्या जन्मतारखा आम्ही मुलांना आपापल्या घरूनच आणायला सांगितल्या होत्या. त्यांत १ जून ही तारीख इतक्या वेळा आली की मुले हसू लागली. ही तारीख महाराष्ट्रातल्या घराघरांत आहे. पूर्वी जन्माची नोंद नसलेले मूल जूनमध्ये शाळेत दाखल व्हायचे, तेव्हा गुरुजी अंदाजाने वर्ष धरायचे आणि तारीख लिहायचे १ जून. ती तारीख खोटी म्हणून खोडायची नाही, कारण सगळ्या सरकारी कागदांवर तीच आहे. पण तिच्यावरून ‘जूनमध्ये सर्वाधिक मुले जन्मतात’ असा निष्कर्ष काढला, तर तो निसर्गाचा नव्हे, शाळेच्या रजिस्टरचा निष्कर्ष ठरेल.

जनगणनेचे अभ्यासकही हेच सांगतात. आपल्या देशाच्या जनगणनेत ३०, ३५, ४०, ४५ अशा शून्यावर आणि पाचावर संपणाऱ्या वयांची गर्दी दिसते. नानीला वय विचारले की ती ‘साठ असेल बाबा’ म्हणते, एकसष्ट किंवा बासष्ट म्हणत नाही. आकड्यांची अशी गर्दी दिसली की थांबायचे आणि हा आकडा कसा आला असेल, असे विचारायचे. हे शिकवायला संगणक लागत नाही.

संगणक मात्र स्वतःच्या खोड्या घेऊन येतो. शून्याने सुरू होणारा क्रमांक आकडा म्हणून भरला की एक्सेल पुढचे शून्य खाऊन टाकते. पंधरापेक्षा जास्त अंकांचा क्रमांक असेल तर पंधराव्या अंकानंतर शून्ये भरते. म्हणजे लांबलचक खाते क्रमांक दिसायला व्यवस्थित, पण शेवटचे अंक भलतेच. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नसते, तो क्रमांक मजकूर म्हणूनच भरायचा.

अशा चुका साध्या वाटतात. २०२० च्या सप्टेंबर अखेरीस आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी देशाच्या आकड्यांत वेळेवर आल्याच नाहीत. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरली जात होती. त्या फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. पुढच्या ओळी गळून पडल्या. रुग्णांना आपला अहवाल कळला होता, पण ते कुणाकुणाच्या संपर्कात आले होते त्या लोकांना शोधण्याचे काम लांबले. तेव्हापासून आमच्या वर्गात नियम आहे: आधी किती ओळी होत्या आणि नंतर किती राहिल्या, हे दर वेळी मोजायचे.

नावांचा गुंता

सर्वात अवघड गोष्ट नावांची, आणि इथे भाषेच्या शिक्षकाचे काम लागले. उदाहरणादाखल जाकिर हे नाव घ्या. उर्दूत ‘ज़’च्या जवळपास जाणारी अक्षरे पाच: जाल, जे, झे, ज्वाद, जोय. मराठीत ही सगळी ‘ज’ किंवा ‘झ’वर येऊन थांबतात. इंग्रजीत कुणी जे अक्षराने लिहितो, कुणी झेडने. मराठीच्या सवयीने कुणी दुसरी वेलांटी देतो आणि जाकीर करतो. मराठवाड्यात शेख, सय्यद, पठाण हे आडनाव नावाआधी लिहायची रीत, तर शाळेच्या फॉर्मवर ते शेवटी. मोहम्मदचे ‘मो.’ होते. फातिमाची फातेमा, फातीमा, फात्मा होते. मुलीच्या नावापुढे कधी बी लागते, कधी बानो, कधी बेगम, आणि पुढच्या कागदावर ते गळूनही जाते.

याच्या उलटही घडते. उर्दूत जेर-जबर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे हमीद आणि हुमैद ही दोन वेगळी नावे त्याच चार अक्षरांत लिहिली जातात.

म्हणजे चुका दोन प्रकारच्या. एक माणूस दोन होतो, किंवा दोन माणसे एक होतात. पहिल्या प्रकारची चूक मुलांनी झटकन पकडली. एक मुलगा आपल्या घरीही मोजला गेला होता आणि नानीच्या घरीही, कारण त्या रविवारी तो तिथे होता. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी. वर्गात हशा झाला. आम्हीही खूश होऊन सांगितले, “शाबास. आता अशी दुहेरी नावे शोधा आणि काढून टाका.”

आमचे हे वाक्य चुकीचे होते.

एक ओळ कमी झाली

मुलांनी नाव आणि वय जुळवून दुहेरी ओळी काढल्या. यादी सुबक झाली. आम्ही वरवर पाहिली आणि पसंत केली. तक्ता तयार करून भिंतीवर लावायचा होता, तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “सर, आमच्या गल्लीत त्या नावाच्या दोघी आहेत. यादीत एकच दिसते.”

मूळ कागद काढले. खरोखर दोन ओळी होत्या. आडनाव तेच, नाव तेच, वय दोघींचे चौदा. वडिलांची नावे वेगळी, घरे वेगळी. एक आठवीत शिकत होती. दुसरीच्या ओळीत ‘शाळेत जातो का?’ समोर ‘नाही’ होते. काढून टाकलेली ओळ दुसरीची होती.

वर्ग शांत झाला. ज्या मुलीसाठी खरे तर हे सर्वेक्षण होते, जी शाळेच्या पटावरून आधीच गेली होती, तिला आम्ही यादीतूनही घालवले होते. कुणाच्याही मनात वाईट नियत नव्हती. मुलांनी सांगितलेले काम केले होते. दोष आमचा होता. ‘काढून टाका’ म्हणण्याआधी ‘विचारून या’ असे आम्ही म्हणायला हवे होते.

मोठ्या यंत्रणांतही नेमके हेच घडते, फक्त तिथे मागच्या बाकावरून उठून सांगणारे कुणी असेलच असे नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज नावाच्या एका वेलांटीसाठी अडतो, तेव्हा आपण कारकुनाला दोष देतो. पण त्याच्या मागे एक यादी असते, ती कुणीतरी निवडलेली असते, आणि निवडताना त्याने दाणा उजेडाकडे धरून पाहिलेला नसतो.

हजार वर्षांपूर्वीची शहानिशा

दुसऱ्या दिवशी उर्दूच्या तासाला आम्ही मुलांना खतीब अल-बगदादी यांच्याविषयी सांगितले. इ. स. १०७१ मध्ये वारलेले हे बगदादचे आलिम. हदीस ज्या माणसांच्या साखळीतून आपल्यापर्यंत आली ती सनद, आणि त्यातला प्रत्येक सांगणारा म्हणजे रावी. रावींची नावे, त्यांचे उस्ताद, त्यांचे गाव, त्यांच्या जन्म-मृत्यूचा काळ तपासण्याचे एक पूर्ण शास्त्रच उभे राहिले, अस्मा-उर-रिजाल. एक रावी विश्वासू आणि त्याच नावाचा दुसरा कमजोर असेल, तर दोघांची गल्लत म्हणजे हदीसच्या पारखण्यातच गल्लत.

खतीब यांनी याच प्रश्नावर ग्रंथ लिहिले. ‘अल-मुत्तफिक वल-मुफ्तरिक’ हा नाव एकच पण माणसे वेगळी अशा रावींवर आहे. ‘मूजिह औहाम अल-जमअ वत-तफरीक’ हा तर दोघांना एक करण्याच्या आणि एकाला दोन करण्याच्या चुकांवरच आहे, आणि त्यात थोर इमामांच्या नोंदीही तपासलेल्या आहेत. त्यांच्या आधी इमाम दारकुत्नी यांनी लिहायला सारखी पण उच्चाराला वेगळी असलेल्या नावांवर ग्रंथ लिहिला होता. आमच्या मुलांचा हमीद-हुमैदचा गुंता त्यांच्या काळीही होता.

ही मंडळी नाव जुळले म्हणून माणूस एक मानत नसत. उस्ताद कोण, शागिर्द कोण, कोणत्या शहरात होता, दोघांची भेट शक्य होती का, असे पाहत. आणि निर्णय होत नसेल तर दोन्ही शक्यता नोंदवून ठेवत. आलेल्या बातमीची शहानिशा करण्याची शिकवण सूरह हुजुरातमध्ये आहे, हे मुलांना पाठ असते. ती शिकवण यादीतल्या ओळीलाही लागू होते, हे त्या दिवशी त्यांना कळले.

वर्गाने केलेले नियम

त्यानंतर मुलांनी स्वतः नियम लिहिले. मूळ कागदावर खाडाखोड नाही. काम करायचे ते प्रतीवर. प्रत्येक बदल ‘दुरुस्ती वही’त लिहायचा: आधी काय होते, काय केले, का केले, कुणी केले. नाव, वडिलांचे नाव आणि घर या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय दोन ओळी एक करायच्या नाहीत, आणि जुळल्या तरी एकदा विचारून यायचे. आठवीतल्या मुलाचे वय ४१ दिसले तर बहुधा १४ असेल, पण ‘बहुधा’वर बदल करायचा नाही. कळले नाही तर ‘कळले नाही’ असे लिहायचे, त्यात लाज नाही.

शेवटचा नियम एका वेगळ्या प्रसंगातून आला. एका मुलाने हळूच विचारले, “सर, शाळा सोडून गॅरेजवर जाणाऱ्या मुलांच्या ओळी काढल्या तर? तक्ता भिंतीवर लागणार, मोहल्ल्याची बदनामी होईल.” त्याचा प्रश्न प्रामाणिक होता. आपल्या समाजाविषयी एवढे बोलले जाते की पोरालाही झाकपाक करावीशी वाटते.

मराठीत ‘निवडणे’ शब्दाचे दोन अर्थ आहेत. तांदूळ निवडतो तेव्हा आपण खडे काढतो. बाजारात आंबे निवडतो तेव्हा आपल्याला आवडतील तेवढेच घेतो. माहिती निवडायची ती तांदळासारखी. चूक हा खडा आहे, नावडते सत्य हा खडा नाही. गॅरेजवर जाणारा मुलगा हा दाणाच आहे, आणि त्याला ताटातून काढून आपण त्याची इज्जत राखत नाही, त्याचा हक्क घालवतो. तक्त्यावर कुणाचेही नाव लावायचे नाही, फक्त आकडे लावायचे, एवढे मात्र आम्ही त्याचे ऐकले. घरोघरचे कागद लोकांनी भरवशाने दिले होते, ती अमानत होती.

घरी करता येईल असे काम

वाचक बंधू-भगिनींनो, यातला एक धडा आपल्या घरचाही आहे. एखाद्या सुट्टीच्या दिवशी मुलांना जवळ बसवून घरातले सगळे कागद पसरा. जन्माचा दाखला, आधार, रेशन कार्ड, शाळेची नोंद, बँकेचे पासबुक. एका वहीत प्रत्येक माणसाच्या नावाची एक ओळ करा आणि प्रत्येक कागदावर नाव कसे लिहिले आहे ते अक्षर न अक्षर उतरवा, मराठीतही आणि इंग्रजीतही. तारखाही लिहा. कुठे वेलांटी वेगळी, कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचे नाव अर्धे, ते मुलेच दाखवतील. मूल शाळेत असतानाच, दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी, या दुरुस्त्या करून घेणे सोपे जाते. शाळा सुटल्यावर त्याच वेलांटीसाठी खेटे घालावे लागतात. आपल्या दीनमध्ये उधारीचा व्यवहारही लिहून ठेवायला सांगितले आहे. नीट लिहून ठेवणे आपल्याला परके नाही, फक्त सवय सुटली आहे.

भिंतीवर नवा तक्ता लागला तेव्हा त्यात एक ओळ वाढलेली होती. ज्या मुलीने उठून सांगितले होते तिला घेऊन, तिच्या अम्मीसह, आम्ही त्या दुसरीच्या घरी गेलो. तिने सातवीनंतर शाळा सोडली होती, घरात धाकट्या भावंडांना ती सांभाळते. आम्ही दहावीसाठी बाहेरून बसता येते हे सांगितले, १७ नंबरच्या फॉर्मची माहिती दिली. तिचे वालिद म्हणाले, “बघतो.” या ‘बघतो’चा अर्थ हो की नाही, ते आम्हाला अजून कळलेले नाही. म्हणून दुरुस्ती वहीत तिच्या ओळीसमोर मुलांनी लिहून ठेवले आहे: ‘पुन्हा विचारायचे.’